दुसरं स्टूल

वर्कशॉपमध्ये विद्यार्थ्यांनी केलेलं पहिलं स्टूल बहुतेक वेळा डुगडुगतं. 25 मिलिमीटरचा चौकोनी एमएस पाइप, 450 चे चार पाय, वरखाली मिळून 300 चे आठ आडवे तुकडे. कागदावर सगळं काटकोनात. मुलं माप घेऊन नीट कापतात, गुण्या लावतात आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करून वेल्डिंग भरत जातात. भरलेलं वेल्ड थंड होताना आकसतं आणि पाइपला आपल्या बाजूला ओढतं. शेवटी चौथा पाय फरशीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहतो. मग त्याखाली कागदाची घडी जाते, फोटो निघतो, जर्नलवर सही होते आणि पुढचा प्रकल्प सुरू होतो. शिकवणं खरं तर त्या दोन-तीन मिलिमीटरपासून सुरू व्हायचं, आणि आम्ही शिकवणारे नेमके तिथेच थांबतो. मला वाटतं, तंत्रज्ञान आणि वस्तुरचना हातांनी शिकवायची असेल, तर तीच वस्तू दुसऱ्यांदा करायला वेळापत्रकात जागा हवी. बाकी यंत्रं, हत्यारं, अभ्यासक्रम हे सगळं त्यानंतर.

दुसऱ्या वेळी काय होतं ते पाहा. आधी सगळ्या कोपऱ्यांना नुसता टॅक मारायचा, टेप लावून दोन्ही कर्ण मोजायचे, फरक असेल तर हातोडीने सारखे करायचे, मग समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून भरायचे. हे पहिल्याच दिवशी सांगता येतं, आणि बहुतेक शिक्षक सांगतातही. पण पाय अधांतरी दिसेपर्यंत ‘कर्ण मोजा’ ही नुसती सूचना असते. दिसल्यावर ते एका प्रश्नाचं उत्तर होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्या वेळी विद्यार्थी मूळ आराखड्यालाच हात घालतो. पाय चारच का? तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंना टेकायला पातळी सापडतेच. मग सगळी स्टुलं तिवईच का नाहीत? कारण कडेला बसलं की ती कलंडते, आणि चौकोनी पाइप त्रिकोणात जोडायचा तर तिरके कोन कापणं जिकिरीचं. डुगडुग की कलंडणं, ही निवड जो करतो तो रचनाकार. पहिल्या स्टुलात ही निवड त्याने केलेलीच नसते. ती चित्रातून आयती आलेली असते.

चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याने 1958 साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याचं मोठं कौतुक आहे. त्या अहवालाच्या पाठोपाठ 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यांचा मुद्दा असा, की लोटा कुणा एकाने रचलेला नाही, पिढ्यांनी मिळून घडवला. वर्गखोलीत लोट्याच्या सौंदर्यावर बरंच बोललं जातं. तो किती वेळा नव्याने घडला, याचा विचार कमी होतो.

वस्तू पुन्हा पुन्हा करून शिकण्यावर जुना आक्षेप आहे. 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली, तेव्हा हस्तोद्योगातून शाळेचा खर्चही निघावा अशी गांधीजींची कल्पना होती, आणि ‘मग शाळेचा कारखाना होईल’ ही भीती तेव्हाही व्यक्त झाली. भीती रास्त होती. शंभर टकळ्या सूत कातणारं मूल शंभर वेळा शिकत नाही. पण पुन्हा करणं आणि दुसऱ्यांदा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत: दुसऱ्यांदा करताना किमान एक निर्णय बदललेला असतो, आणि का बदलला हे सांगता येतं. पाबळच्या विज्ञान आश्रमाचं महत्त्व मला इथे वाटतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा विद्यार्थ्यांनी द्यायच्या, त्यातूनच तंत्रज्ञान शिकायचं, हा तिथला कणा. परीक्षकाला कागदाची घडी चालते. ज्याला रोज बसायचं आहे त्याला चालत नाही. तो वस्तू परत आणून देतो, आणि दुसरी खेप आपोआप घडते.

‘वेळ कुठून आणायचा, माल कुठून आणायचा?’ हा आक्षेप जास्त ऐकू येतो. हिशेब करू. वर्षाला चार निरनिराळ्या वस्तू करायच्या, की दोन वस्तू दोनदा? पाइप, रॉड, ग्राइंडरच्या डिस्क जवळपास तेवढ्याच लागतात. अडचण पैशाची नसून यादीची आहे. तपासणीला आलेल्याला चार प्रकल्प दोनापेक्षा भरगच्च दिसतात. (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फिटिंगचा जॉब मागच्या बॅचकडून घेऊन, कानस मारून, पुन्हा जमा होतो, हे कुणाला ठाऊक नाही? भंगारातच जायची वस्तू कुणी मन लावून का करावी?)

थ्रीडी प्रिंटर आल्यावर हा प्रश्न मिटला, असंही म्हणतात. बटण दाबा, दहा नमुने काढा. प्रिंटर मला आवडतो. पण थरांच्या दिशेनेच तुटलेला ब्रॅकेट मुलं त्याच दिशेने पुन्हा छापतात, फक्त जाडी वाढवून. पीएलएचा मोबाइल-स्टँड साठेक अंशांना मऊ पडतो; मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो मान टाकतो, एसी लॅबमध्ये नाही. नमुना स्वस्त झाला म्हणून बिघाडाचं कारण शोधण्याचे कष्ट कमी होत नाहीत, उलट ते टाळायची सोय होते.

गुणांचं म्हणाल, तर पहिल्या स्टुलाला गुण देऊच नयेत. कमी गुण दिले, की मुलं चूक लपवायला शिकतात. गुण दुसऱ्याला, आणि दोन्हींमध्ये काय बदललं हे सांगण्याला. तोंडी परीक्षेच्या दिवशी दोन्ही स्टुलं शेजारी ठेवावीत, पहिल्याच्या पायाखालची घडी काढून.