मागची सीट

परवा जालन्यात अंबड चौफुलीजवळ स्कूटीत हवा भरायला थांबले होते. शेजारी एका वयस्कर गृहस्थांनी जुन्या एम-८०ला किक मारली. दोन किका वाया गेल्या, तिसरीला गाडी फडफडली आणि निळसर धुराचा लोट तोंडावर आला. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा हा वास हल्ली रस्त्यावर मिळत नाही. हवा भरणारा पोरगा नाक दाबून बाजूला झाला. माझा पाय तिथून निघेना. त्या वासात मला आईचा उजवा हात दिसत होता.

अण्णा ग्रामसेवक होते. घनसावंगी तालुक्यातली दोन-तीन गावं त्यांच्याकडे. एम-८० घेतली ती फिरतीसाठी, पण नवरात्रात अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनाला, दवाखान्याला, मामाकडच्या लग्नाला आम्ही तिघं तिच्यावरूनच जायचो. अण्णा पुढे, मी मधे, आई मागे एका बाजूला पाय सोडून. गावातून जाताना तिचा डावा हात मागच्या कॅरियरला आणि उजवा हनुवटीखाली पदर धरून. पारावर माणसं बसलेली असायची. गाव सुटलं, कालव्याचा पूल ओलांडला, की तो उजवा हात माझ्या डोक्यावरून पुढे यायचा आणि अण्णांच्या खांद्यावर टेकायचा. बांगड्या माझ्या कानाशी वाजायच्या. परतताना पुलापाशी हात पुन्हा मागे. दोघं त्याबद्दल कधी बोलल्याचं मला आठवत नाही. घरात मी त्या दोघांना एकमेकांना शिवतानाही पाहिलं नाही. चहाचा कप आई ओट्यावर ठेवायची, अण्णा तिथून उचलायचे.

तो कालवा म्हणजे पैठणचा डावा कालवा. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं आणि पुढे पाणी आमच्या शिवारात आलं. पाण्यामागं ऊस आला, उसामागं कारखाने आले, कारखान्यांमागं ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या. ज्या पुलावर आईचा हात मोकळा व्हायचा, त्याच पुलावर थंडीतल्या रात्री एखादी उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी असायची. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त टायरखाली दगड लावलेले. दुचाकीच्या मिणमिणत्या उजेडात अशी ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक मारायला जागा उरत नाही. गाळप हंगामात असं कुणी गेल्याचं आमच्या भागात दर वर्षी कानावर येतं. अण्णा दिवस मावळल्यावर गाडी बाहेर काढत नसत. लग्नाची पंगत रंगात आलेली असो, बहिणीनं राहायचा आग्रह केलेला असो, उन्हं कलली की ते चप्पल शोधायला लागायचे. तेव्हा त्यांचा राग यायचा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३ क्रमांकाचा नियम मी खूप उशिरा वाचला. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला पायटा हवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, असं तो सांगतो. दिल्लीत बसून कुणीतरी माझ्या आईच्या पदराचा विचार केला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. आता नवी गाडी घरी आली की पोरं पहिल्यांदा ते साडीगार्ड काढून टाकतात. गाडी म्हाताऱ्या माणसाची दिसते म्हणे. त्याच गाडीवर उद्या त्यांची आई बसणार असते, बायको बसणार असते.

पण नियमातली मूठ वेगळी आणि आईनं धरलेला खांदा वेगळा. एका बाजूला बसलेल्या बाईला गुडघ्यांनी सीट धरता येत नाही. ब्रेक लागला की ती पुढे कलंडते, खड्डा आला की वर उडते. समोरचा रस्ताही तिला धड दिसत नाही, तिचं तोंड शेताकडे. खांद्यावरच्या हाताला मात्र अण्णा वळणार कुठे, थांबणार कुठे, हे आधीच कळायचं. त्या हातात तिची सगळी सुरक्षितता होती, आणि माझी अशी पक्की समजूत आहे की तिच्या संसारातलं मोठं सुखही त्याच हातात होतं. हा धोका आणि हे सुख वेगवेगळ्या पारड्यांत टाकायला मी पुष्कळदा बसले. ते वेगळं होत नाही.

व्हेस्पा स्कूटर ज्यानं आखली त्या माणसाला मोटारसायकल मुळीच आवडत नव्हती. कोरादिनो दास्कानियो हे त्याचं नाव, इटलीतला विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा अभियंता. कपड्यांना लागणारं ऑइल, उघडी साखळी, पंक्चर झाल्यावर चाक काढायची कटकट, या सगळ्याचा त्याला तिटकारा. म्हणून १९४६ सालच्या व्हेस्पात त्यानं इंजिन झाकलं, पायांसमोर पत्रा दिला आणि टांग न टाकता बसता येईल अशी मधे मोकळी जागा ठेवली. तीच घडण पुढे बजाजच्या कारखान्यात आली आणि १९७२ पासून चेतक नावानं घरोघरी गेली. त्याच साली कायनेटिकची लुनाही आली. आमच्या गावातली, हँडल हातात धरलेली पहिली बाई लुनावरच होती. उपकेंद्राच्या नर्सबाई. पांढरी साडी खोचलेली, पुढच्या जागेत लशीचा डबा. त्या गेल्या की आई दारात येऊन बघायची आणि काहीच न बोलता आत जायची.

मावशी बदनापूर तालुक्यात दिलेली. एका लग्नाहून मुलाच्या मागे बसून घरी निघाली होती. वाटेतल्या एका गावाच्या तोंडाशी त्याच आठवड्यात नवा गतिरोधक झाला होता. रंग नाही, फलक नाही. गाडी उडाली, मावशी डांबरावर पडली, डोक्यावर. मुलाला हातापायाला खरचटलं, त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मावशी तिसऱ्या दिवशी औरंगाबादला घाटी रुग्णालयात वारली. तो गतिरोधक गावकऱ्यांनी स्वतः घातला होता, कारण थोडे दिवस आधी तिथं शाळेतून येणारी एक मुलगी गाडीखाली सापडली होती. एक मरण पुन्हा घडू नये म्हणून टाकलेल्या डांबराच्या ढिगानं दुसरं मरण आणलं. त्या गावावर रागवायला माझं मन धजत नाही.

राग धरला तो दुसऱ्याच गोष्टीवर, आणि तो मी सोडणार नाही. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागच्या बाईच्या डोक्यावर नुसता पदर. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला एकाच वाक्यात बांधतं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे जवळजवळ निम्मी. हेल्मेट नसताना गेलेली ५०,०२९, आणि यातली १४,३३७ मागच्या सीटवरची. त्या मागच्यांत बाया किती, हे वेगळं काढून मोजायला हवं असं मला फार वाटतं. मी जालन्याच्या रस्त्यावर रोज बघते, मागे कोण बसलेलं असतं ते.

टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानातला तो प्रसिद्ध इंग्रज, १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्यानं गाडी वळवली होती. सहा दिवसांनी तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. त्या मृत्यूनं तो अस्वस्थ झाला आणि त्यानं सैन्यातल्या निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास सुरू केला. १९४१ साली त्याचा लेख छापून आला, त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. साध्या नागरिकांवर तिथं ही सक्ती व्हायला मात्र १९७३ उजाडलं. पुढे २००८ साली जगभरातल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. मावशी चौथीपर्यंत शिकली होती. एवढं गणित तिला सांगितलं असतं तर तिनं नक्की ऐकलं असतं. पण घरात हेल्मेट एकच होतं, आणि ते गाडी चालवणाऱ्याचं, हे धरूनच चाललेलं.

एवढं असूनही कुणी विचारलं, की बायकांनी गाडी चालवावी का, तर माझं उत्तर पहिल्यापासून ठरलेलं आहे. चालवावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा शाळा एका टोकाला आणि एसटी दुसऱ्याच वेळेला. बसनं जायचं तर प्रार्थनेला पोचता येत नव्हतं, आणि संध्याकाळची बस चुकली तर फाट्यावर जीपमध्ये पुरुषांच्या गर्दीत कोंबून घ्यावं लागायचं. त्या जीपचा धोका कुठल्याच अहवालात नसतो. मी स्कूटी शिकले आणि अपडाउन सुरू झालं. माझ्याबरोबरच्या कितीतरी शिक्षिकांची नोकरी अशीच दोन चाकांवर टिकली. माझ्या वर्गातल्या मुली पुढच्या शिक्षणाला मानव विकासच्या निळ्या बसमधून जातात, ती बस त्यांचा मोठा आधार आहे. पण बस तिच्या वेळेला जाते. गाडी आपल्या वेळेला निघते, हे ज्या बाईनं एकदा अनुभवलं तिला समजावून सांगावं लागत नाही.

आणि मोसंबी. जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार धरलेल्या बागा फुलतात, तेव्हा सकाळच्या रस्त्यावर तो वास थरांनी येतो. एक बाग संपते, मधे हरभऱ्याचं रान, मग दुसरी बाग. काचा वर केलेल्या मोटारीतल्या माणसाला हे कळत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरनं जगवलेल्या बागाही शेवटी वाळल्या, कुऱ्हाड लागली, आणि पुढची काही वर्षं त्याच वळणांवर नाकाला काहीच लागायचं नाही. त्या रस्त्यावरचा दुष्काळ मी श्वासानं मोजला आहे. आता जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. तिथं मोटारी ताशी १२० किलोमीटरनं धावतात आणि दुचाकीला मज्जाव आहे, तो असावाच. मी पुलाखालून जाते, वरून गाड्यांची घरघर ऐकू येते. आमचा रस्ता खालचा.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे जालन्यात आली. तिला दवाखान्यात न्यायचं तर मी तिच्यासाठी आधी हेल्मेट घेतलं, आयएसआयचं. ती म्हणाली, ‘‘अगं, पदर कशावर घेऊ?’’ मग स्वतःच आरशापुढे उभी राहिली, पदर खांद्यावरून कमरेला खोचला आणि हेल्मेट चढवलं. पट्टा मी लावला. अजूनही ती एका बाजूलाच बसते, गुडघे दुखतात म्हणून. मधे कुणी नसतं, तिचा उजवा हात सरळ माझ्या खांद्यावर येतो. मागे एकदा गावी गेलो तेव्हा पूल ओलांडला, पार आला, पारावर माणसंही होती. तिनं हात काढला नाही.

शाळेसमोरच्या रस्त्यावर आमच्याही गावानं गतिरोधक घातला आहे. मला त्याची धास्ती वाटते. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना मी टेप दिला आणि तो मोजायला लावला. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप फळ्यावर लिहून दिलं होतं. गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, रस्त्याच्या लांबीच्या दिशेनं ३.७ मीटर आणि मधे उंची फक्त १० सेंटिमीटर. आमचा निघाला त्याहून बराच उंच आणि अगदीच अरुंद, चढ संपतो न संपतो तोच उतार. एका मुलानं विचारलं, ‘‘मॅडम, सतरा मीटरचं वर्तुळ काढायचं कुठं?’’ मैदानात पूर्ण वर्तुळ मावत नव्हतं. मग आम्ही सुतळी घेतली, एक टोक ध्वजाच्या ओट्याजवळ धरलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधला आणि नुसता कंस काढला. त्यावर ३.७ मीटरची जीवा टाकली, मधली उंची मोजली, तर दहा सेंटिमीटरच्या आसपास आली. पोरांना आपण काहीतरी मोठं पकडल्यासारखं झालं. मलाही.

ती आकृती आम्ही कागदावर उतरवली आणि अर्जासोबत ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसभेत सरपंचांनी कागद नीट बघितला. मागून एक आजोबा उठले. त्यांची नात आमच्याच शाळेत, दुसरीत. म्हणाले, ‘‘मॅडम, एवढ्या पसरट उंचवट्यानं उसाचा ट्रॅक्टर थांबल का? आमाला पोरं वाचवायचीत.’’ मी म्हटलं, मलाही, आणि मागं बसलेल्या बायाही. ट्रॅक्टरच्या प्रश्नावर मात्र मला लगेच उत्तर देता आलं नाही. आधी फलक, मग पांढरे पट्टे आणि हंगामात शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर शिट्टी घेऊन उभा एक माणूस, एवढं ठरलं. पट्ट्यांचा रंग आला आहे. डांबर उकरायचं की नाही, ते पुढच्या सभेत.