दिसलं ते लिहिणं

उन्हाळ्याच्या दुपारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटांमधून चालताना एक वास येतो. रेक्झिनच्या बांधणीचा, जुन्या डिंकाचा, आणि कुणीतरी जागून काढलेल्या रात्रींचा. काळ्या कण्यांवर सोनेरी अक्षरांत नावं, वर्षं, पदव्या. त्यातला एखादा उघडावा, तर ‘सदर संशोधनातून असे निष्पन्न होते की’ अशी वाक्यं एकामागून एक येत राहतात, कर्ता कुठेच भेटत नाही, पाहणारे डोळे दिसत नाहीत, गावोगाव हिंडलेल्या चपलांची धूळ एकाही पानावर सांडलेली नसते, आणि वाचणारं मन त्या शब्दांच्या काळोखात कुणाचा तरी हात शोधत चाचपडत राहतं.

माणूस गेला कुठे?

तो तिथेच असतो. भ्यालेला असतो. गाईडची सही, बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल, व्हायवा, मग मुलाखत, नेमणूक, बढती. इतक्या उंबरठ्यांवर वाकत जायचं असतं, की पाठीबरोबर हळूहळू वाक्यही वाकतं. स्वच्छ वाक्य खोडता येतं. धूसर वाक्याशी वादच घालता येत नाही, म्हणून त्याच्या आडोशाला सुरक्षित वाटतं. त्या भीतीविषयी मला राग येत नाही, माया वाटते. कारण त्या आडोशामागे बहुतेक वेळा खरोखर काहीतरी पाहिलेला, मोलाचं काही सांगू शकणारा जीव बसलेला असतो.

अशा वेळी इरावतीबाई कर्वे आठवतात. विशी नुकतीच ओलांडलेली, परक्या भाषेत शिकणारी एक मराठी बाई बर्लिनमध्ये माणसांच्या कवट्या मोजत बसली आहे. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशांची उतरंड मानणाऱ्या काळातलं वजनदार नाव. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांची अपेक्षा. बाहेर बर्फाळ उजेड, टेबलावर मोजपट्ट्या, आकड्यांचे रकाने, आणि त्या रकान्यांत तो संबंध काही केल्या उमटत नाही. पदवी तर त्याच हातांतून मिळायची होती. किती सोपं होतं तिथे एखादं धुकं पांघरणं, दोन्हीकडे झुकेल असं वाक्य रचणं!

त्यांनी दिसलं ते लिहिलं.

पुढे पुण्याला, डेक्कन कॉलेजात, तीच नजर भारतभरच्या नात्यागोत्यांकडे वळली आणि १९५३ मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ झाला. पण मला अधिक जवळची वाटते ती दिंडीबरोबर पंढरीला चाललेली त्यांची पावलं. अभंगात एकजीव झालेली माणसं जेवायच्या वेळी जातीजातींच्या पंक्तींत वेगळी होतात, हे त्यांनी पाहिलं, आणि पाहिल्याचं दुःखही लपवलं नाही. महाराष्ट्राची ओळखही त्यांना त्याच वाटेवरच्या चालत्या माणसांत सापडली. ‘वाटचाल’ हा तो मराठी ललित लेख पुढे इंग्रजीत गेला आणि १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये छापून आला. वारीच्या चिखलातून आलेली ती साधी वाक्यं विद्वानांच्या नियतकालिकात शिरली, तेव्हा त्यांना वेगळा अंगरखा घालावा लागला नाही. ‘युगान्त’ही असाच, महाभारताचा अभ्यास, पण स्वयंपाकघराच्या दारात बसून कुणालाही वाचता यावा असा.

सोपं लिहिणं म्हणजे हलकं लिहिणं, असा एक समज आपल्या विद्यापीठांच्या भिंतींत ओलीसारखा मुरला आहे. खरं तर सोप्या वाक्यापर्यंत पोचायला किती कागद फाडावे लागतात, किती आवडते शब्द सोडून द्यावे लागतात, आणि शेवटी जे उरतं त्याच्याबरोबर उघड्यावर उभं राहायला केवढा धीर लागतो! न पाहिलेल्या, कदाचित अजून न जन्मलेल्या वाचकाचा वेळ आपल्या वेळेइतकाच मोलाचा मानणं, हा त्या धीराचाच कोवळा भाग.

म्हणून पहिला शोधनिबंध लिहायला बसलेल्या मुलीला, मुलाला मनापासून सांगावंसं वाटतं: काय पाहिलंस, कुठे पाहिलंस, कशावरून म्हणतोस किंवा म्हणतेस, तेवढं नीट लिही. मग कुणी येईल आणि म्हणेल, ‘मला वेगळं दिसलं.’ म्हणू दे. तुझं वाक्य त्याच्यापर्यंत स्वच्छ पोचलं, म्हणून तर त्याला तसं म्हणता आलं.