मोटारीची टिकटिक

आवाजाच्या बाबतीत माणूस मोठा पक्षपाती आहे. उशाशी घड्याळ टिकटिकत असेल तर त्याला गाढ झोप लागते. तीच टिकटिक मोटारीच्या बॉनेटखालून येऊ लागली की त्याची झोप उडते. पाल चुकचुकली तर निदान 'कृष्ण कृष्ण' म्हणून बोट आपटता येते. इंजिन चुकचुकले तर काय आपटावे?

आमची मोटार म्हणजे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची अँबॅसडर. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी निघायची २०१४ साली बंद झाली. तेव्हापासून आमची गाडी जुनी न राहता 'जुनीपुराणी' झाली. मुले तिच्याकडे बोट दाखवतात, आणि जावई तिच्याकडे न बघता बोलतात. पण माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला गुडघ्यांमुळे आजकालच्या बुटक्या मोटारींत बसता येत नाही. अँबॅसडरची बैठक उंच आणि दार ऐसपैस. घोडेगावहून मंचरला डॉक्टरांकडे जायचे तर ती याच गाडीतून जाते. म्हणून खेडच्या पुढे एका संध्याकाळी इंजिनातून टिक् टिक् ऐकू आले, तेव्हा माझ्या मनात आधी आईचे गुडघे आले. (मग बिबट्या आला. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या उसात तिन्हीसांजेला मोटार बंद पडावी असे कोणालाच वाटत नाही.)

गावात मोटारीच्या दुखण्यावर औषध सांगणाऱ्यांचा तोटा नसतो. एकाने प्लग ढिला ठरवला, दुसऱ्याने पंख्याचे पाते घासते म्हणून सांगितले, तिसऱ्याने नुसतेच "ऑइल बघा" असे गंभीरपणे सुचवले. पुण्यातल्या एका मोठ्या गॅरेजात नेली, तर तिथल्या साहेबांनी उभ्याउभ्याच क्रँकचे बेअरिंग गेल्याचे जाहीर केले. इंजिन खोलण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होईल, त्यापेक्षा मोडीत घाला, असाही सल्ला दिला. हा सल्ला फुकट होता, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी गाठले नारायणगाव. हे गाव विठाबाईंचे आणि तमाशाच्या फडांचे. पाडव्याच्या सुमारास गावोगावच्या जत्रांची मंडळी इथल्या राहुट्यांतून सुपाऱ्या द्यायला येतात. ज्या मेस्त्रींकडे मी गेलो, त्यांचे अर्धे आयुष्य फडांचे ट्रक सांभाळण्यात गेलेले. ट्रक रात्री वाटेत थांबला तर सकाळी त्या गावात तमाशा नाही, आणि मग काय होते ते गावकऱ्यांनाच विचारावे.

मेस्त्रींनी बॉनेट उघडले. पण हत्यार काही उचलले नाही. डोळे मिटून ते उभे राहिले. मग म्हणाले, "सर, जरा रेस करा... सोडा... परत."

त्यांनी काय ऐकले ते त्यांनीच मला सांगितले. वाल्व उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर एकेक वाल्व चारशे वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. हलकी, निम्म्या चालीची टिकटिक असेल तर दुखणे वरच्या मजल्यावर. बेअरिंग गेले असते तर आवाज जड आला असता आणि चढाला वाढला असता. खात्रीसाठी त्यांनी एकेका प्लगाची वायर काढून पाहिली. बेअरिंगचा ठोका असता तर त्या त्या सिलिंडरचा भार गेल्यावर तो मंदावला असता. इथे इंजिन लंगडू लागले, पण टिकटिक जशीच्या तशी. सायलेन्सरच्या बाजूची गॅसकेट फुटली तरी असाच आवाज येतो. पण तो बहुधा थंड इंजिनात जास्त आणि लोखंड तापून फुगले की कमी. आमचा आवाज तापल्यावरही तेवढाच.

मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून त्यांनी झाकणावर टोक फिरवले. डॉक्टरांची नळी याहून वेगळी काय असते?

"काय नाय हो, टापेट वाजतंय!"

आमच्या याच नारायणगावापासून जवळ, खोडदच्या परिसरात, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्या आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. १९६७ साली जोसेलिन बेल या तरुणीला केंब्रिजजवळ आकाशातून दर १.३३ सेकंदांनी येणारी एक टिकटिक सापडली. असे तारे आता पुष्कळ सापडले आहेत आणि खोडदच्या दुर्बिणीनेही ते ऐकले जातात. गंमत अशी की मोटारीच्या प्लगाची ठिणगीही रेडिओलहरी सोडते, आणि असल्या मानवी गोंगाटापासून दूर म्हणून तर ही जागा निवडली गेली. म्हणजे त्या शास्त्रज्ञांचा आणि आमच्या मेस्त्रींचा धंदा एकच: गोंगाटातून नेमकी टिकटिक वेचून काढायची.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनाचे झाकण उतरले. टॅपेट लावायची त्यांची रीत पाहून मी, जन्मभर गणित शिकवलेला माणूस, खूश झालो. वाल्व आठ, बेरीज नऊ. पहिला पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा लावायचा, तिसरा उघडा तर सहावा, दुसरा तर सातवा. फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. आठही झाले, इंजिन सुरू केले, आणि टिक् टिक्!

माझा चेहरा पडला. मेस्त्रींचा उजळला. चालत्या इंजिनात एकेका रॉकरखाली त्यांनी गेजची पट्टी सरकवली. पाचव्याखाली पट्टी जाताच आवाज गप्प. काढली की पुन्हा सुरू. त्या रॉकरचे नाक वर्षानुवर्षे आपटून वाटीसारखे खोल झाले होते. सपाट पट्टी त्या वाटीच्या काठांवरून जायची आणि पंधरा दाखवायची. खरी फट वाटीच्या तळाशी, कितीतरी जास्त.

रॉकर काढायचा तर त्याच्या शाफ्टचे काही नट हेडचेही असतात. म्हणून रेडिएटरचे पाणी काढून सगळे नट क्रमाने ढिले करावे लागतात. दुपार त्यात गेली. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात एक चांगला जुना रॉकर निघाला. पुन्हा नऊची बेरीज.

आता एक मंद, एकसारखी कुजबुज तेवढी उरली. "हीही घालवा की," मी म्हणालो.

"नको सर. थोडं वाजू द्यायचं. लई आवळलं तर वाल्व जळतो."

खरेच आहे. जळलेला वायू बाहेर सोडणारा वाल्व मिटून बसतो, तेव्हाच त्याच्या अंगातली उष्णता बैठकीत उतरते. फट नसली तर तापून लांबलेला वाल्व पुरता मिटत नाही, आणि त्याची कड जळते.

सोमवारी आईला मंचरला नेले. वाटेत गाडी थांबवली, तर ती म्हणाली, "बंद पडली का रे?"

पाचशे किलोमीटर झाले की हेडचे नट पुन्हा आवळायला या, असे मेस्त्रींनी बजावले आहे. त्यांपैकी तीनशे वीस झाले.