हेडरची दुरुस्ती, नियम लिहून

वाळूजच्या कारखान्यातून ऑपरेटरचा फोन आला. "सर, कंट्रोल-डी दाबून काहीच होईना. कंट्रोल-सी दाबलं की मात्र एंट्री सेव्ह होतीय." जुन्या युनिक्स मशीनवरचे त्यांचे प्रोग्राम आम्ही औरंगपुऱ्यातल्या कचेरीत नुकतेच जीसीसी कंपायलरने नव्याने बांधून दिले होते. कंपायलरने एकही चूक दाखवली नव्हती.

शोधत गेलो तेव्हा धागा मशीनसोबत आलेल्या एका सिस्टीम हेडर फाईलपर्यंत पोचला. कंट्रोल कळीचा कोड काढणारा एक मॅक्रो तिथे होता. त्याचा पॅरामीटर 'सी' हे अक्षर आणि व्याख्येत तेच अक्षर एकेरी अवतरणात. जुने प्रीप्रोसेसर अवतरणाच्या आतही पॅरामीटरच्या जागी दिलेलं अक्षर घालत, म्हणून पूर्वी हे चालायचं. 1989 च्या एएनएसआय प्रमाणकाने ही पद्धत बंद केली. आता मॅक्रोला 'डी' द्या नाहीतर 'यू', आत 'सी'च राहतो. त्याचा कोड 99, त्यातले खालचे पाच बिट ठेवले की उरतात 3, म्हणजे कंट्रोल-सी. खरं उत्तर हवं होतं 4. प्रोग्राममध्ये या कळांची तपासणी स्विचने केली असती, तर एकच किंमत दोनदा आली म्हणून कंपायलर अडला असता. इथे इफ-एल्सची साखळी होती, त्यामुळे सगळं निमूट पार पडलं.

"हेडर उघडून दोन ओळी बदलू या," असं सहकारी म्हणाला. मला ते पटलं नाही. पुढच्या मशीनवर तीच मूळ फाईल असणार आणि हातानं केलेला बदल कुणाच्या लक्षातही राहणार नाही. शिवाय अशा फाईलींसाठी जीसीसीकडे फिक्सइन्क्लूड्स हे साधन आहेच. कंपायलर बांधला जाताना ते सिस्टीमच्या हेडर फाईली चाळतं. सदोष सापडली तर मूळ फाईलला हात न लावता सुधारलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि कंपायलर आधी तिथे पाहतो. ही प्रत आपोआप बदललेली आहे, तिच्यात हातानं काही बदलू नका, अशी सूचनाही प्रतीच्या डोक्यावर असते. दुसऱ्याच्या फाईलचा एवढा मान राखणारी व्यवस्था मला मनापासून आवडते.

नेमक्या याच दोषासाठी जीसीसीत तयार नियम होते, पण ते ठरावीक मॅक्रो-नावं ओळखतात. या मशीनवरचं नाव वेगळं होतं, म्हणून नवे नियम लिहावे लागणार होते. ब्रूस कॉर्ब यांच्या ऑटोजेन या साधनाच्या मांडणीत हे नियम लिहायचे असतात: कुठल्या फाईली, कुठला मजकूर दिसला तर बदल करायचा, कुठला दिसला तर सोडून द्यायचं, बदल काय, आणि चाचणीसाठी नमुना मजकूर. बदल करणारं फंक्शन तयारच होतं, त्याला नवं नाव द्यायचं एवढंच.

नियम मात्र दोन लागतात, एक व्याख्येतलं अवतरण काढायला आणि एक वापरातल्या अक्षराला अवतरण लावायला. नुसती व्याख्या सुधारली तर 'डी' नावाचं व्हेरिएबल कुठेच नाही म्हणून कंपायलर ओरडतो. नुसता वापर सुधारला, तर काहीच तक्रार न येता उत्तर पुन्हा 3. ही दुसरी अवस्था मला फार घातक वाटते. म्हणून नमुना मजकुरात दोन्ही प्रकारच्या ओळी घातल्या, आणि आधीपासून बरोबर असलेली एक ओळही. ती ओळ जशीच्या तशी राहिली पाहिजे. नियम लिहिणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते, कारण चांगली फाईल बिघडवणारा नियम मूळ दोषापेक्षा वाईट.

चाचणी पहिल्यांदा नापास व्हायलाच हवी, कारण अपेक्षित निकालाची फाईल तोवर नसते. मशीनने काढलेला निकाल ओळ न् ओळ वाचला आणि मगच तो अपेक्षित म्हणून ठेवला. खाली भाजीवाल्यांच्या आरोळ्या चालू होत्या, पण त्या वाचनात घाई करणं मला मंजूर नव्हतं.

नवा कंपायलर बसवल्यावर कारखान्याच्या स्वतःच्या कोडमध्ये चुकांची यादी आली. तिथेही अवतरणाविना अक्षरं होती, आणि फिक्सइन्क्लूड्स फक्त सिस्टीमच्या फाईली पाहतं. त्या ओळी हातानं सुधारल्या. ऑपरेटरने कंट्रोल-डी दाबून एंट्री सेव्ह केली आणि आम्हाला कळवलं. त्यांच्या देखभालीच्या रजिस्टरमध्ये मी एक नोंद करायला सांगितली: सिस्टीमचा नवा पॅच टाकला की सुधारलेल्या प्रती जुन्या ठरू शकतात, तेव्हा जीसीसीसोबत येणारी मेकहेडर्स ही स्क्रिप्ट पुन्हा चालवावी.