पट्ट्याचा ताण

रविवार रात्र. मिनेसोटात बर्फ आता टिकलंय, म्हणून आज स्नोमोबिलचा नवा पट्टा तपासायला घेतला. मागची बाजू स्टँडवर उचलली, इंजिन बंद, किल्ली खिशात. पट्ट्याला मधोमध ठरलेला भार लावून तो किती झुकतो ते मोजलं. किती झुकावा हे मॉडेलवर ठरतं. शेजारचे आजोबा ‘हाताला कळतं’ म्हणतात, मी मात्र पुस्तिकेतलाच आकडा धरतो.

ढिला राहिला तर चक्राचे दाते घसरतात. फार घट्ट झाला तर इंजिनाची ताकद वाया जाते आणि आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात. (त्यांना वंगण बर्फाचंच!)

मागच्या आसाचा नट सैल करून दोन्हीकडचे स्क्रू सारखे फिरवले. जीव टांगणीला लागतो तो पुढे. पट्टा सरळ धावतोय का, हे पाहायला इंजिन सुरू करून तो हळू फिरवावाच लागतो; सैल बाजूकडे तो सरकतो. तेव्हा मागे कुणीही उभं राहायचं नाही. पट्ट्यातून सुटलेला खिळा गोळीसारखा येतो. पोरांना घरात पिटाळलं. कुरकुरली, कुरकुरू देत.

हे करताना क्वेबेकचा संशोधक जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए आठवला. १९३४च्या हिवाळ्यात क्वेबेकमधले रस्ते बर्फाने बंद. त्याचा दोन वर्षांचा मुलगा दवाखान्यात पोहोचू शकला नाही, गेला. १९३७मध्ये त्याला दातेरी चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्याची स्नोमोबिल ‘स्की-डू’ आली १९५९मध्ये. आज आम्ही ती हौसेसाठी पळवतो, याचं मला जरा विचित्रच वाटतं.

नट पक्का केला. नवा पट्टा थोडा ताणला जातोच, तेव्हा पहिल्या फेरीनंतर पुन्हा मोजायचा.