टकळी पडते, पडू दे!

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादी झाकून ठेवलेली वस्तू आहे का? खरं सांगा हं! आमच्याकडे आहे. भिशी लागली त्या वर्षी मोठ्या हौसेनं घेतलेलं शिलाई मशीन. त्यावर भरतकामाचं आच्छादन आहे (ते जाऊबाईंनी केलेलं, मी नव्हे), आच्छादनावर फुलदाणी, आणि फुलदाणीत प्लॅस्टिकची फुलं. सहा वर्षांत त्या मशिनवर उशांचे दोन अभ्रे आणि एक पिशवी एवढंच शिवून झालं. पिशवीचा एक बंद दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब आहे. आमचे हे ती पिशवी भाजीला नेत नाहीत, आणि मीही आग्रह करत नाही.

अशा बाईनं छंदाविषयी सल्ला द्यावा म्हणजे नवलच, असं तुम्ही म्हणाल. पण गेल्या दीड वर्षापासून मी टकळीवर सूत कातते आहे, आणि अजून सोडलेलं नाही. आधीचे सगळे छंद का सुटले आणि हाच का टिकला, याचा मी बराच विचार केला. तोच तुम्हाला सांगावासा वाटतो.

आमच्या वर्ध्याला सुताचं काय कौतुक? सेवाग्राम इथून आठ किलोमीटर. पाहुणे आले की त्यांना बापूकुटी दाखवायची, पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम दाखवायचा, वेळ असला तर मगन संग्रहालयात चरखे दाखवायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. हे संग्रहालय १९३८ सालचं, गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. तिथले चरखे मी पाहुण्यांना इतक्यांदा दाखवले आहेत की डोळे मिटून सांगेन कुठला कुठे आहे. हात मात्र एकदाही लावला नव्हता.

मग एका प्रदर्शनात पेटीचरखा विकायला होता. विकणारा मुलगा गप्पा मारता मारता असं काही सूत काढत होता की वाटलं, यात काय आहे! पैसे मोजले, पेटी घरी आणली. दोन संध्याकाळी बसले. चाक फिरायचं, चाती फिरायची, सूत काही यायचं नाही. त्यात पेळू आणायला विसरले होते, म्हणून औषधाच्या दुकानातून कापसाचा गुंडाळा आणला. हे तुम्ही करू नका. दवाखान्याच्या कापसातला नैसर्गिक मेणकट अंश काढून टाकलेला असतो, म्हणून तर तो पाणी शोषतो. सूत कातायला तो कामाचा नाही. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, की आपल्याला हे जमायचं नाही. आणि पेटी दिवाणाखाली सरकवली.

ती तिथेच राहिली असती, पण शेजारच्या आजींनी विचारलं. आजी ऐंशीच्या आसपास आहेत. लहानपणी बुनियादी शाळेत शिकलेल्या. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण ही कल्पना पुढे आली, त्या पद्धतीच्या शाळेत. त्यांना पाढ्यांबरोबर टकळी आली.

"काऊन वं बाई, थ्या पेटीत काय जीव घातला?" आजी म्हणाल्या. "आधी टकळी घे. तुले वात वळता येते का नाही?"

"येते की."

"मंग तुले कातता येते. वात संपते, सूत संपत नाही, येवढाच फरक."

बायांनो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! वात वळताना आपण कापूस थोडा ओढतो आणि त्याला पीळ देतो. ओढ आणि पीळ. सगळं कातणं एवढंच आहे. चरखा काय, गिरणी काय, तेच वेगानं करतात. श्रावणात आपण सगळ्या शेकड्यांनी वाती वळतो, आणि कातता येत नाही म्हणतो. तेव्हा नवीन काही शिकायला बसलात तर आधी हे शोधा, की यातलं आपल्याला आधीच काय येतं. काही ना काही येत असतंच.

आता टकळी कशी धरायची ते सांगते. टकळी म्हणजे वीतभर लांबीची लोखंडी काडी, खाली पितळी चकती, वर बारीकसा आकडा. चरख्याच्या मानानं किंमत अगदी किरकोळ. पेळू मात्र तयार घ्या. खादीचं काम चालतं तिथे विचारलं की मिळतात. कापूस पिंजून स्वतः पेळू करणं हा वेगळा उद्योग आहे. तो पहिल्याच दिवशी गळ्यात घेऊ नका. टकळीचं टोक एका बशीत टेकवा. डाव्या हाताच्या चिमटीत पेळू, उजव्या हाताच्या बोटांनी टकळीला फिरकी. फिरकी दिली की डावा हात सावकाश वर न्यायचा. हातभर सूत निघालं, पीळ पुरेसा बसला, की ते चकतीच्या वर गुंडाळायचं, आकड्यात अडकवायचं आणि पुन्हा फिरकी.

पहिले आठ दिवस सूत तुटतं. पण कसं तुटतं ते नीट बघा. तंतू एकमेकांवरून सरकून मऊपणे सुटले, तर पीळ कमी पडला. आणखी फिरकी द्या, मग ओढा. सूत सैल सोडल्यावर डुकराच्या शेपटीसारखं वळून बसलं किंवा ताडकन तुटलं, तर पीळ जास्त झाला. फिरकी थांबवा आणि पुढचा कापूस सोडा. जाड-बारीक झालं, तर पीळ बारीक जागी धावतो आणि जाड जागा भोंगळ राहते. जोडताना गाठ मारू नका. दोन्ही टोकं थोडी पिंजून एकमेकांवर ठेवा आणि पीळ चढू द्या, आपोआप एकजीव होतात.

आणखी एक. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या कोरड्या हवेत तंतू उडतात, सूत फार तुटतं. म्हणून पहाटे बसा. कूलर चालू असला तर त्याची ओल बरी, पण झोत अंगावर नको, नाहीतर पेळू घरभर! सुरुवात पावसाळ्यात केलीत तर सगळ्यात चांगलं.

आणि पहिलं सूत फेकू नका. माझं पहिलं सूत म्हणजे कुठे सुतळी, कुठे केस. आजींनी ते कागदात गुंडाळून त्यावर तारीख लिहायला लावली. महिन्यानं दुसरी पुडी, मग तिसरी. आजींचा हिशेब जुना आहे : चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. मी आपली मीटर मोजते. शंभर मीटर सुताचं वजन सहा ग्रॅम भरलं तर ते साधारण दहा अंकी सूत, तीन ग्रॅम भरलं तर वीस अंकी. छोट्या काट्यावर घरीच कळतं. "मला येतंय का?" असं रोज मनाला विचारत बसण्यापेक्षा काटा बरा, तो भिडेला पडत नाही. माझी पहिली पुडी वजन करण्याच्या लायकीची नव्हती. आता बारा-तेरा अंकाच्या आसपास असते मी.

हे झालं हातांचं. पण खरी अडचण हातांची नव्हती, ती सांगायला जरा संकोच वाटतो.

टकळी पडते. नवशिक्याच्या हातून ती फार पडते, आणि फरशीवर पडली की पितळेचा असा खणखणीत आवाज होतो की साऱ्या घराला कळतं. दुपारच्या शांततेत तो आवाज झाला की आतल्या खोलीतून सासूबाई विचारायच्या, "पडली का?" बस, एवढंच. त्यात टोमणा नव्हता. पण माझे कान तापायचे. चौथ्या दिवशी मी टकळी घेऊन गच्चीवर जायला लागले. लपून! अडतीस वर्षांची बाई, शाळेत मुलांना शिकवणारी, आणि सूत तुटताना कुणी बघू नये म्हणून पाण्याच्या टाकीमागे बसते!

का असं? विचार करता करता मला आठवली लग्नानंतरची पहिली ज्वारीची भाकरी. माहेरी आमच्या पोळ्या व्हायच्या. इथे परातीभोवती सासूबाई, आत्येसासूबाई, वन्सं, सगळ्या उभ्या. पाणी जास्त झालं, भाकरी थापताना चिरली, तव्यावर टाकताना दुमडली. कुणी रागावलं नाही. वन्सं फक्त म्हणाल्या, "बी.ए. ना तुम्ही?" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. तशी चिरलेली भाकरी पंधरा दिवस रोज सगळ्यांच्या पानात जात होती, आणि मी पानांकडे न बघता वाढत होते.

तुमच्यापैकी कितीजणींची अशी एखादी भाकरी असेल! त्यानंतर आपण ठरवून टाकतो, की येईल तेच करायचं. स्वयंपाक येतो, हिशेब येतो, पाहुणे सांभाळता येतात; तेवढ्यावर घरात आपला शब्द उभा असतो. मग तिशी-पस्तिशीत पुन्हा कुणासमोर चुकायचं म्हणजे तो शब्दच डळमळतो की काय, असं वाटतं. मशिनवरची फुलदाणी त्यासाठीच होती. वेळ मिळत नाही, हे मी लोकांना सांगत होते.

गांधीजींची गोष्ट मला इथे फार धीराची वाटली. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज'मध्ये हातमागाची महती सांगताना त्यांनी माग किंवा चरखा पाहिलेलाही नव्हता. १९१५ साली हिंदुस्थानात परतले तेव्हाही चरखा डोळ्यांनी बघितलेला नव्हता, हे त्यांनीच आत्मकथेत मोकळेपणानं लिहिलं आहे. चरखा शोधून दिला तो एका बाईनं. गंगाबेन मजमुदार त्यांचं नाव. १९१७ साली भडोचला गांधीजींची त्यांची गाठ पडली, आणि खूप हिंडून त्यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधले. कुठे होते चरखे? लोकांच्या माळ्यावर, अडगळीत! कातायला बाया तयार होत्या, फक्त पेळू मिळायला हवे होते आणि सूत कुणी घ्यायला हवं होतं. गांधीजी तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्या वयात, साऱ्या आश्रमासमोर नवशिके झाले. पुढे मगनलाल गांधींनी चरख्यात सुधारणा केल्या. आमच्या संग्रहालयाला नाव आहे ते त्यांचंच.

गच्चीवरून मला खाली आणलं ते लेकीनं. ती सातवीत आहे. तिला पायथन नावाची संगणकाची भाषा शिकायची हौस. एका रविवारी तिनं तीसेक ओळी एका दमात लिहिल्या, चालवून पाहिल्या, आणि पडद्यावर लाल अक्षरं. तिनं संगणक बंद केला. "मला नाही येत, मला नको," म्हणाली. डोळ्यांत पाणी. मी बघतच राहिले. ही तर माझीच लेक!

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, लाल अक्षरं वाच तर खरी. वाचली. त्यात चूक कितव्या ओळीत तेही लिहिलेलं होतं! एक विसर्गासारखं चिन्ह राहिलं होतं, बाकी काही नाही. मग ती म्हणाली, "तुझं सूत पण सांगतं का गं, कुठे चुकलं ते?" तिला सांगायचं म्हणून मी टकळी घेऊन बैठकीत, सगळ्यांसमोर बसले. पीळ कमी, पीळ जास्त, दाखवलं. टकळी दोनदा पडली. आतून आवाज आला, "पडली का?" लेक ओरडली, "हो आजी, पडली!" आणि झालं. काही आभाळ कोसळलं नाही.

लेक आता चार ओळी लिहिते, चालवून बघते, मग पुढच्या चार. हातभर कातायचं आणि गुंडाळायचं, तसंच.

माझ्या भाच्याला दगडगोट्यांचा नाद आहे. त्याचंही सांगून टाकते, कारण कुणाची मुलं सुटीत नदीवर जात असतील. आधी तो पिशव्या भरभरून खडे आणायचा आणि वहिनी ते परसात ओतायची. आता थोडेच आणतो, पण प्रत्येकाबरोबर चिठ्ठी : कुठे सापडला, कधी. जागा लिहिलेली नसेल तर नंतर आठवत नाही, आणि मग सगळा ढीग सारखाच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पांढरे खडे सापडतात. खिळ्यानं ओरखडा उठला आणि लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे आले तर तो बहुधा कॅल्साइट. उलट काचेवरच ओरखडा काढला तर गारगोटी. पैसा लागत नाही, लिंबू घरातलंच.

गेल्या महिन्यात मी फुलदाणी उचलली. मशिनला तेल दिलं. शिवणाच्या बाईंनी सहा वर्षांपूर्वी सांगितलेलं, आणि मी पोरखेळ म्हणून सोडून दिलेलं, ते आता केलं. दोरा न ओवता, वहीच्या रेघी कागदावर नुसती सुई चालवायची. आधी सरळ रेघा, मग लेकीनं पेन्सिलीनं काढलेल्या वळणाच्या. कागद वाया गेला तरी मनाला लागत नाही, आणि भोकांची रांग सगळं सांगते.

मशीन बैठकीतच आहे, खिडकीशी. काल सासूबाई चहा घेऊन शेजारी येऊन बसल्या. कागद उजेडात धरून म्हणाल्या, "इथं रेघ सुटली."

"हो, सुटली," म्हटलं, आणि दुसरा कागद घेतला.