धाराऊच्या गावचा ध्वनिवर्धक

नवी वस्तू विकत घेताना माणसाला फक्त पैसे मोजावे लागतात. जुनी वस्तू घेताना तिची सोयरीकही पत्करावी लागते. नवा पंखा दुकानातून येतो, जुना पंखा कुणाच्या तरी घरातून येतो. रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणा मावशीचे आशीर्वाद लिहिलेले आढळले, की ते पुस्तक आपल्या कपाटात राहूनही थोडेसे त्या मावशीचेच राहते. माझ्या घरी गेल्या श्रावणात असाच एक पाहुणा आला आणि मुक्कामाला राहिला. वजन अदमासे अठरा किलो, रंग मूळचा करडा, वय माझ्याहून अधिक. त्याचे नाव व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. मराठी शिकवणारा माणूस म्हणून मी त्याला ध्वनिवर्धक म्हणतो. घरातली बाकीची मंडळी त्याला 'डबा' म्हणतात, आणि भाषेच्या व्यवहारात नेहमी होते त्याप्रमाणे डबा हा शब्द जिंकला आहे.

तुम्ही म्हणाल, साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ओरडण्याची ज्याला वीस वर्षांची सवय आहे, त्याला ध्वनिवर्धक कशाला हवा? बरोबर आहे. गरज माझी नव्हती, चिरंजीवांची होती. त्यांचे वय सतरा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली. हे वाद्य मोठे चमत्कारिक आहे. सतारीला भोपळा असतो, तंबोऱ्याला भोपळा असतो, साध्या गिटारीलाही पोकळ पोट असते. हिच्या पोटात मात्र भरीव लाकूड! तारा छेडल्या तर कानाशी डास गुणगुणावा एवढाच आवाज. खरा उद्योग तारांच्या खाली चालतो. तिथे लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेची पुसटशी लहर उठते. ती लहर कुणीतरी मोठी करावी, तेव्हा ती ऐकू यायची.

सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती मोठी कोण करणार? चिरंजीवांनी एक काडेपेटीएवढे यंत्र आणले, ते गिटारीला लावले आणि त्यातून निघालेले हेडफोन कानांवर चढवले. तेव्हापासून आमच्या घरात संगीत दिसू लागले, पण ऐकू येईना. मी दाराशी उभा राहून मुलाची बोटे पाहत असे. ती तारांवरून सरसर धावत, मध्येच थबकत, एखाद्या जागी हट्टाने पुन्हा पुन्हा येत. त्यांचे काहीतरी सांगणे चालले होते एवढे कळे. काय, ते कळत नसे. बोलणेही अलीकडे तीन शब्दांवर आले होते: 'हं', 'नको' आणि 'बघतो'. घरातला एक माणूस शब्दांवर पोट भरतो आणि दुसरा तीन शब्दांत दिवस काढतो, असा आमचा प्रपंच.

अशा मुलाने एके रात्री जेवताना एक आख्खे वाक्य उच्चारले. "बाबा, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आवाज वेगळाच असतो." मी ते वाक्य जपून ठेवले. नव्या व्हॉल्व्ह-अ‍ॅम्पची किंमत विचारली तेव्हा मात्र ते जपून ठेवण्यापलीकडे काही करता येईल असे दिसेना.

मी रोज स्वारगेटहून एस. टी.ने भोरला शिकवायला जातो. वाटेत कापूरहोळचा फाटा लागतो. पुणे-सातारा रस्ता सरळ पुढे जातो, एक वाट भोरकडे वळते आणि एक नारायणपूरवरून सासवडला. बहुतेक प्रवाशांच्या लेखी कापूरहोळ म्हणजे चहा घेण्याची किंवा गाडी बदलण्याची जागा. पण हे गाव इतिहासात एका बाईच्या नावाने राहिले आहे. १४ मे १६५७ रोजी जवळच्याच पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक. बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाड्यांच्या घरातली धाराऊ गडावर गेली आणि राजपुत्राची दूध-आई झाली. मूल दुसरीचे, दूध हिचे. पुढे दोनच वर्षांनी, १६५९ मध्ये, सईबाई राजगडावर वारल्या. फाट्यावर गाडीची वाट पाहताना मला पुष्कळदा वाटते, की या गावाच्या पाटीवर धाराऊचेही नाव मोठ्या अक्षरांत हवे.

आषाढातल्या एका दुपारी भोरहून वडापच्या जीपने मी या फाट्यावर उतरलो आणि पावसाने गाठले. समोर एका मंडपवाल्याचे गोदाम उघडे होते, त्यात शिरलो. सतरंज्या, झालरी, बांबू, एकावर एक चढवलेल्या खुर्च्या. एका बाजूला आताचे कपाटाएवढे काळे स्पीकर. मालक सत्तरीच्या आसपासचे. सगळे त्यांना आबा म्हणत होते, म्हणून मीही म्हटले. चहा झाला. ओल लागू नये म्हणून आबांनी एक कनात उचलली, तर तिच्याखाली हा करडा डबा. समोर चार मोठी बटणे, नावाची पट्टी कधीच गळून पडलेली, मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या डोकावत होत्या.

"चालतो का हा, आबा?"

"चालायचा. आमच्या वडिलांचा हाय. पन्नास गावची लग्नं लावलीत यानं. सप्त्याला सात दिवस बंद नसायचा. आता कोण इचारतो, सर? भंगारवाला येतो, त्याला आतलं तांबं पायजे. म्हनलं, तांबं काढून घ्यायला ह्यो काय मेलाय?"

किंमत ठरायला फार वेळ लागला नाही. भंगाराच्या भावापेक्षा बरीच जास्त, नव्याच्या मानाने काहीच नाही. पैसे घेतल्यावर आबांनी एक पत्र्याचा कर्णा आणून वर ठेवला आणि म्हणाले, "ह्येची जोडी मोडू नका." तो कर्णा आमच्या गॅलरीत आहे. सौभाग्यवती त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहतात. त्या दृष्टीला ध्वनिवर्धकाची गरज नाही.

पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेले एक गृहस्थ सापडले. त्यांनी डबा उघडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जुना वर्गमित्र भेटल्याचा आनंद होता. दोन थोरल्या नळ्या, तीन धाकट्या. एका धाकटीवर पुसट अक्षरांत 'भारत इलेक्ट्रॉनिक्स'. बंगळुरूच्या या सरकारी कारखान्यात १९६१ पासून असे व्हॉल्व्ह होऊ लागले. मग ट्रान्झिस्टरने राज्य घेतले. आज व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत होतात, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे माझ्या चिरंजीवांसारखी गिटारवेडी मंडळी.

मी विचारले, "ही नळी करते तरी काय?" त्यांनी हातातले काम थांबवून समजावून सांगितले. काचेच्या आत हवा नाही. मधोमध तापणारा भाग; तो तांबूस झाला की त्यातून विद्युत्कण उडू लागतात. बाहेरच्या बाजूला पत्रा. त्याला चारशे व्होल्टच्या आसपास दाब दिलेला, म्हणून कण तिकडे धावतात. या दोहोंच्या मध्ये एक तारेची जाळी. गिटारीची अशक्त लहर या जाळीवर येते. जाळी किंचित अडवते, किंचित सोडते, आणि तिच्या तालावर तो मोठा लोंढा कमीजास्त होतो. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने पहिली नळी केली तिच्यात जाळी नव्हती. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने ती घातली, आणि बारीक आवाज मोठा करण्याची युक्ती माणसाच्या हाती आली.

मला एकदम उमजले, की मी आजवर समजत होतो तसे हे यंत्र छोटा आवाज ताणून मोठा करतच नाही. गिटारीची लहर जाळीपाशीच थांबते. पुढे जे बळ जाते ते डब्याचे स्वतःचे. फक्त त्याने कसे हलायचे, ते त्या लहानग्याने ठरवायचे. बळ याचे, आवाज त्याचा. धाराऊच्या गावातून मी हीच वस्तू आणावी, हा योगायोग मला फार आवडला.

कारागिरांनी विजेचा साठा करणारे जुने कंडेन्सर बदलले, गिटारीला जुळेल असे तोंड बसवले, कर्ण्याऐवजी लाकडी खोक्यातला स्पीकर दिला आणि निघताना तीन गोष्टी बजावल्या. प्लग काढला तरी याच्या पोटात वीज राहते, तेव्हा आत हात घालायचा नाही. चालू केल्यावर चार-पाच मिनिटे तापू द्यायचा, लगेच वाजवायचे नाही. आणि स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवायचा नाही. "समोर आवाज घेणारा नसला, की याचा ट्रान्सफॉर्मर जळतो, सर." मी ही तिसरी सूचना वहीत लिहून घेतली. ती केवळ यंत्रापुरती आहे असे मला वाटले नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही डबा जमिनीवर ठेवला आणि बटण दाबले. काहीच झाले नाही. मग जाळीतून एक नारिंगी ठिपका दिसला, मग पाचही. तापलेल्या धुळीचा वास आला. स्पीकरमधून देवळातल्या गाभाऱ्यासारखा हलका घुमारा सुरू झाला. आता पाच मिनिटे थांबायचे होते. हल्लीच्या घरात पाच मिनिटे नुसते थांबण्याची कुणाला सवय नाही. आम्ही दोघे त्या ठिपक्यांकडे पाहत बसलो.

"याच्यावर आधी काय वाजायचं?" चिरंजीवांनी विचारले.

मी आबांकडून ऐकलेले सांगू लागलो. लग्नातली "वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावे" ही हाक, सप्ताहातली पहाटेची काकडआरती, जत्रेत हरवलेल्या पोराचे नाव आणि त्याच्या सदऱ्याचा रंग. तो हसला. पोर सापडायचे का, म्हणून विचारले. सापडत असणार, मी म्हटले. आवाज तीन वाड्यांवर जायचा. पाच मिनिटांची दहा कधी झाली ते कळले नाही.

मग त्याने एक तार छेडली.

मी संगीताचा जाणकार नव्हे, तेव्हा साध्या शब्दांत सांगतो. तो आवाज मोठा होता यापेक्षा जवळचा होता. हळू छेडले तर स्वच्छ, गोल. जोर केला तर त्याला किंचित खर येई, सप्ताहाच्या सहाव्या दिवशी कीर्तनकाराच्या गळ्याला येते तशी. आवाज फाटत नाही, भरून येतो. चिरंजीवांनी त्याचे कारण सांगितले. व्हॉल्व्हवर ताण आला की तो लाटेचा माथा एकदम कापून टाकत नाही, दाबून गोल करतो. यंत्रशास्त्राच्या हिशेबी हा दोषच. पण जगभरच्या गिटारवाल्यांनी तो दोष डोक्यावर घेतला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. लंडनचा जिम मार्शल ड्रम वाजवणारा दुकानदार; १९६२ मध्ये त्याच्या दुकानातल्या माणसांनी फेंडरचाच एक नमुना समोर ठेवून आपला अ‍ॅम्प बांधला. या दोन नावांचे अ‍ॅम्प आज साऱ्या जगात वाजतात. हे सगळे मला माझा मुलगा सांगत होता. 'हं', 'नको', 'बघतो' यांतला एकही शब्द त्यात नव्हता.

त्याने जे वाजवले ते संथ होते. बोटे त्याच त्या हट्टाच्या जागी येऊ लागली तेव्हा मी ती ओळखली. दाराशी उभे राहून कितीदा पाहिली होती! एक स्वर चढायचा, शेवटच्या पायरीवर अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून निघायचा. तिथे एवढी तळमळ असेल असे बोटांवरून वाटले नव्हते.

इतक्यात घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. तक्रार ऐकण्याच्या तयारीने मी हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "नवा रेडिओ घेतलात का हो? आमच्याकडच्या जुन्या रेडिओचा असाच आवाज होता." त्यांना खुर्ची दिली. आठच वाजले होते, त्यामुळे कायद्याचीही हरकत नव्हती. त्या अर्धा तास बसल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी डबा तापत ठेवतात आणि तो तापेपर्यंत आम्ही जवळ बसतो. कधी परीक्षेचा विषय निघतो, कधी त्याला पुढे काय करायचे आहे हा. त्याला वाद्यांची यंत्रे बनवायला शिकायचे आहे. त्याच्या आईला ते पसंत नाही, मला अजून ठरवता आलेले नाही. पण ते त्याने मला सांगितले आहे.

परवा सहामाही परीक्षेचे गठ्ठे घेऊन भोरहून येताना फाट्यावर आबा भेटले.

"वाजतो का आमचा?"

"वाजतो. तापायला मात्र वेळ घेतो."

"घेनारच. लग्न असलं की वडील पहाटंच त्याला लावायचे, मग आंघुळीला जायचे. मंडळी जमेपतोर गरम पायजे." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "आता कोन बोलतं त्यात?"

"माझा मुलगा," मी म्हटले, आणि पुण्याच्या गाडीला हात केला.